अकरा नंबर

मास्तरांच्या अंगाला जिनिंग कारखान्याचा वास येतो, अशी तक्रार पहिल्यांदा इंग्रजी तिसरीच्या वर्गाने केली. तक्रार खरी होती. दिगंबर मास्तरांनी त्या दिवशी डाव्या कानात सरकीच्या अत्तराचा फाया घातला होता आणि उरलेले दोन्ही मनगटांवर चोळले होते. हेडमास्तरांनी त्यांना खोलीत बोलावले. बी. ए.च्या उंबरठ्यापर्यंत जाऊन आलेल्या माणसाने जोडधंदा करू नये असे नाही, पण तो अंगावर घेऊन शाळेत येऊ नये, असे ते म्हणाले. मास्तरांनी हा जोडधंदा नसून छंद आहे असा खुलासा केला. हेडमास्तरांना ते जास्त चिंताजनक वाटले.

सरकीचे अत्तर मोतीलाल गंधीने काढलेले होते. त्याची भट्टी इतवाऱ्यात होती. तीन पिढ्यांपूर्वी त्याचे घराणे कनोजहून बुऱ्हाणपुरात आले तेव्हा गावात अत्तर लावणारी माणसे होती. आता जी होती ती रुमालावर विलायती बाटलीतले पाणी शिंपडत. गुलाब, केवडा, हिना कनोजहून रेल्वेने येई आणि मोतीलालच्या मालापेक्षा स्वस्त पडे. तेव्हा मोतीलालने विचारपूर्वक ठरवले, की जे कनोजला मिळत नाही तेच आपण काढायचे. त्याच्याकडे तांब्याची मोठी डेग होती. तिच्यात पाणी आणि जिन्नस उकळायचा, वाफ बांबूच्या नळीने दुसऱ्या भांड्यात उतरवायची, आणि तिथे ठेवलेल्या चंदनाच्या तेलाने तो वास पिऊन घ्यायचा, अशी ती रीत. वडिलांनी त्या डेगेत फुले घातली. मोतीलालने सरकी घातली, केळीचे सोपट घातले, तापीचा गाळ घातला. हे अत्तर खरोखरच कनोजला मिळत नव्हते. दुसरीकडेही कुणी मागत नव्हते.

मागणारे एकटे मास्तर. ते आठवड्याला एक कुपी नेत, लावून हिंडत, आणि एका वहीत अभिप्राय लिहीत. वही मोतीलालला वाचून दाखवली जाई. त्यातला मजकूर असा असे:

‘नंबर तीन, सरकी. पहिला पाव तास तेलाच्या घाण्याशेजारी उभे आहोत असे वाटते. मग उन्हात तापलेल्या पोत्यांचा उबदार वास येतो, झोप येते. तिसऱ्या तासाला नुसते चंदन. परिणाम: वर्गात शिंका.

‘नंबर पाच, केळीचे सोपट. हिरवा, ओला, किंचित तुरट. सुरी नुकतीच फिरली आहे असा. तासाभरात विरतो. परिणाम: लालबागच्या रस्त्यावर एक गाय दोन फर्लांग मागे आली. गाईचा अभिप्राय अनुकूल धरावा.

‘नंबर आठ, तापीचा गाळ. लावताच गार वाटते. थोड्या वेळाने माशांची आठवण होते आणि ती काही केल्या जात नाही. परिणाम: घरात ताट वेगळे मांडले.’

आणि मग एका पानावर नुसते एवढेच: ‘नंबर अकरा, माती. ठीक.’

मोतीलालने विचारले होते, की मास्टरसाब, माशावर अर्धा पान आणि ह्याच्यावर एक शब्द, काय बिघडलं ह्याचं? मास्तर म्हणाले, काही बिघडलं नाही, ठीक आहे म्हणूनच ठीक लिहिलं.

वास्तविक अकरा नंबर एका चुकीतून झाला होता. मातीच्या अत्तराला भाजलेल्या मातीच्या ठिकऱ्या लागतात. त्या डोईफोडिया गावचा देवराम कुंभार पोत्यात भरून आणी. एका खेपेला त्याने नाल्याकाठची माती घेतली आणि तिच्यात काळ्या पापुद्र्याच्या दगडाचा चुरा मिसळून आला. मोतीलालने न बघता सगळे डेगेत ओतले. जे निघाले त्याला पहिला अर्धा तास साध्या मडक्याचा वास येई. मग तो वास बाजूला होई आणि नुकत्याच पुसलेल्या पाटीचा येई. पाटी ओल्या फडक्याने पुसलेली नव्हे. थुंकी लावून, तळहाताने. आणि तो तळहात गुळाचा.

मास्तरांना लीला नावाची मुलगी होती. ती अशीच पाटी पुसे. पाटीला थुंकी लावू नये, विद्या जाते, असे मास्तर तिला रोज सांगत, आणि पत्र्याच्या डबीत ओले फडके देत. फडके कोरडे होऊन परत येई. सहा वर्षांपूर्वी प्लेगच्या साली गावाबाहेरच्या झोपडीत ती दोन दिवसांत गेली. सात वर्षांची होती. सरकारी माणसांनी घरातले कपडे, अंथरुणे, पुस्तके, पाटी, सगळे अंगणात काढून जाळले आणि भिंतींना चुना दिला. काम चोख होते. घरात तिचे असे काही म्हणजे काहीच उरले नाही, आणि विमलबाईंनी, म्हणजे मास्तरांच्या पत्नीने, त्या दिवसानंतर मुलीचे नाव उच्चारले नाही. मास्तरांनीही नाही. चुना दिलेल्या घरात दोघे नीट राहत होते.

गेल्या वर्षीच्या दसऱ्यापासून मात्र मास्तर दर रविवारी सकाळी ओट्यावर रस्त्याकडे तोंड करून बसत. मनगटावर अकरा नंबर लावलेला असे. अर्धा तास वाट बघायची. मग सव्वा तास मुलगी शेजारी बसून पाटी पुसते आहे, असे. मग चंदन. चंदन आले की मास्तर उठून बाजाराला जात. हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते. इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाने सांगण्यासारखे ते नव्हतेच.

दिवाळी झाली आणि मोतीलालने भट्टी बंद करायचे ठरवले. कनोजचा पुतण्या डेग न्यायला तयार होता, आणि डेगेबरोबर चुलत्यालाही. दुकानात गादीवर बसायचे, येणाऱ्याला राम राम करायचे.

“मास्टरसाब,” तो म्हणाला, “आदमी अत्तर लावतो ते दुसऱ्याला वास यावा म्हणून. तुम्ही लावता नि सोताच हुंगत बसता. असे गिऱ्हाईक चार भेटले असते तर मी दोन साल आधीच गेलो असतो.”

मास्तरांनी घरी येऊन कुपी उजेडात धरली. अकरा नंबर अर्धी कुपी उरला होता. देवराम त्या नाल्याची माती पुन्हा आणू शकत होता; पण डेगेवाचून मातीची मातीच राहणार होती. मास्तरांनी आयुष्यात कुणापुढे शब्द टाकला नव्हता. त्यांनी त्याच दिवशी सुधाकररावांना पत्र लिहिले.

सुधाकरराव कॉलेजात मास्तरांच्या शेजारी बसत. मास्तर नापास झाले, सुधाकरराव पास झाले, आणि आता सोनतलाई संस्थानात राजेसाहेबांचे खासगी कारभारी होते. संस्थान एवढे लहान होते की राजेसाहेब शिकारीला निघाले तर जनावर हद्दीबाहेर जाई. उलट टपाली उत्तर आले. दिल्लीला बादशहाचा दरबार भरतो आहे, सरकारांची, म्हणजे राजेसाहेबांची, गाडी मार्गशीर्षात बुऱ्हाणपूरच्या लालबाग स्टेशनावर तासभर थांबेल. सरकारांना नव्या वासांचे वेड आहे आणि पदरी एखादा गंधी ठेवावा असे त्यांच्या मनात आहे. वास पसंत पडला तर गंधी बुऱ्हाणपुरातच राहून अत्तर पुरवील, भट्टी संस्थान चालवील. फक्त एक गोष्ट लक्षात ठेवावी. दरबारात अत्तर काढण्याचा मान एकट्या सरकारांचा; दुसऱ्याने कुपी पुढे करणे हा मोठा अपमान. ‘तेव्हा कुपी आणू नकोस. लावून ये. मी तुला समोर बसवतो. वासाला कोण अडवणार?’

कॉलेजात पास झालेल्या माणसाची ही युक्ती होती. मास्तरांना ती फार आवडली.

मोतीलालला तितकी आवडली नाही, पण त्याने धुतलेली अचकन काढली. राजासाठी नंबर पाच लावावा असे त्याचे मत पडले. राजे लोकांना बागा असतात. मास्तरांनी मान हलवली. पाचाला गाय भुलते, राजा नव्हे. ते अकरा नंबर लावणार होते. तो नाकात शिरला की बोलणारा माणूस गप्प होतो, हे त्यांना ठाऊक होते, कसे ते त्यांनी सांगितले नाही. अर्धी कुपी खर्च होईल. पण भट्टी राहिली तर अकरा नंबर जन्माला पुरेल. हिशोब सरळ होता.

ठरल्या दिवशी गाडी साडेनऊला यायची होती. मास्तर आणि मोतीलाल टांग्याने आठलाच लालबागला पोचले. वास उमलायला अर्धा तास लागतो, म्हणून मास्तरांनी बरोबर नऊला स्टेशनाबाहेरच्या निंबाखाली उभे राहून मनगटांना, कानामागे आणि जाड लोकरी बनातीच्या कोटाच्या कॉलरला अत्तर लावले. निम्मे राखून ठेवले. शिक्षकी पेशात निम्मे राखून ठेवायची सवय लागते.

साडेनऊला गाडी आली, पण ती एकोणीस तोफांची होती. न थांबता गेली. स्टेशनमास्तर सज्जन होता, त्याने समजावले. दिल्लीला सगळेच राजे निघाले आहेत. ज्याला सलामीच्या तोफा जास्त त्याची गाडी आधी सोडायची असा हुकूम आहे, आणि बाकीच्यांच्या गाड्या मागच्या स्टेशनांवर बाजूच्या रुळांवर उभ्या आहेत.

“तुमच्या राजाला तोफा किती?” त्याने विचारले.

“एकही नाही.”

“मग सावलीत बसा.”

ते सावलीत बसले. मास्तरांच्या अंगावर अकरा नंबर उमलला. फलाटावर बिनकामाची हमालमंडळी होती, केळीचे घड रचलेले होते, आणि त्या सगळ्यात मुलगी मन लावून पाटी पुसू लागली. मास्तर हात मांडीवर ठेवून ताठ बसले. ओट्यावर रस्त्याकडे तोंड करता येत असे. इथे चारी बाजूंनी माणसे होती. एक तेरा तोफांची गाडी गेली. एक अकरा तोफांची गेली. मोतीलाल बोटांवर मोजत होता. पावणेअकराला पाटी पुसून झाली आणि चंदन आले.

“गेला?” मोतीलालने विचारले. त्याचे नाक अजून शाबूत होते.

“गेला,” मास्तर म्हणाले.

“उरलाय ना?”

“उरलाय.”

सोनतलाईची गाडी साडेबाराला आली. एकच डबा होता, तोही दुसऱ्या कुणाच्या तरी सामानाच्या गाडीला मागे जोडलेला. तो सोडवून बाजूच्या रुळावर ढकलला. मास्तरांनी तो थांबायच्या आत कुपी उपडी केली. आतल्या काचेला चिकटलेले कापसाच्या काडीने पुसून घेतले आणि काडी कानात ठेवली. सुधाकरराव उतरले, मास्तरांना मिठी मारायला आले आणि अत्तर पुसले जाईल म्हणून मध्येच थांबले. सरकारांचे जेवण चालू आहे, अर्ध्या तासाने बोलावतो, असे म्हणाले. अर्धा तास. मास्तरांना वाटले, आता दैवच घड्याळ बघून चालले आहे.

राजेसाहेब गादीच्या खुर्चीत बसले होते. पन्नाशीचे, गोल, थोडे खिन्न. सभोवती पाच-सहा मंडळी होती. सुधाकररावांनी बुऱ्हाणपूरचे विद्वान म्हणून ओळख करून दिली, आणि राजेसाहेबांनी खरोखर आपुलकीने चौकशी केली. शाळेत मुले किती, इंग्रजीला पुस्तक कोणते. मग स्वतःचे दुःख सांगितले. ते दिल्लीला तोफा मागायला चालले होते. नऊ मागायच्या ठरल्या होत्या. सात मिळाल्या तरी हरकत नव्हती. वाटेत चौदा तास बाजूच्या रुळांवर काढले, असे त्यांनी दोनदा सांगितले. सुधाकरराव हळूच म्हणाले, की मास्तरांचा एका नामी गंधीशी परिचय आहे. राजेसाहेब एकदम सरसावून बसले. “असं? कुठे असतो? काय काढतो?”

मास्तरांनी तोंड उघडले, आणि त्याच वेळी वास उमलला. उन्हात तापलेल्या डब्यात तो ओट्यावरच्यापेक्षा जोरकस होता. राजेसाहेब थांबले. त्यांनी नाकपुड्या फुगवल्या, डोळे अर्धे मिटले. राजेसाहेबांचा उजवा हात सावकाश उचलला गेला, जिथे एरवी अत्तरदाणी असायची तिथे हवेत थोडा चाचपडला, आणि ते उठून उभे राहिले. ते उठले म्हणून सगळे उठले.

“फार आनंद झाला,” राजेसाहेब म्हणाले. “पुन्हा भेटूच.” आणि पडद्यामागे गेले.

सुधाकररावांनी मास्तरांना खाली उतरवले आणि डब्याच्या आडोशाला नेले. ते स्वतःच गोंधळले होते.

“दिगंबरा, घोळ झाला रे,” ते म्हणाले. “आमच्याकडे बोलणं संपलं की अत्तर-पान फिरतं. अत्तर फिरलं की दरबार उठला. सरकार पाळण्यात होते तेव्हापासून अत्तराचा वास आला की उठतात. त्यांना वाटलं मी अत्तर फिरवलं.”

“तू सांगितलं नाहीस त्यांना?”

“काय सांगू? मीसुद्धा उठलो होतो.”

पुन्हा आत जाऊन एक शब्द घालावा, असे मास्तर म्हणाले. सुधाकररावांनी हात जोडले. उठलेला दरबार त्याच दिवशी पुन्हा बसला तर अशुभ. आणि सरकार तोफांसाठी निघालेले. परत येताना? परत येताना गाडी दुसऱ्या मार्गाने. मग ते थोडे घुटमळले आणि म्हणाले, “वास मात्र छान होता हं. कसला होता?”

“मातीचा,” मास्तर म्हणाले.

मोतीलाल फलाटावर अचकनीची गुंडी लावून उभा होता. त्याने सगळे ऐकून घेतले. तो हसला नाही, रागावलाही नाही. “पण त्यांना वास आला ना?” एवढेच विचारले. आला, असे मास्तर म्हणाले. “मग अत्तराने आपलं काम केलं. पुढचं त्याच्या हातात नाही.”

टांग्यात मास्तरांनी शब्द टाकायचा दुसरा प्रयत्न केला. जायच्या आधी एकदा, शेवटचा, अकरा नंबर काढून द्याल का? देवरामला मी निरोप पाठवतो.

“डेग परवाच सुतळीनं बांधली, मास्टरसाब. नळी पुतण्यानं पुढं नेली. राजा बसून राहिला असता तर सोडली असती.” मग त्याने मास्तरांकडे नीट पाहिले. “अकराच का? वहीत तर तुम्ही ठीक लिहिलं होतं.”

ह्या वेळी सांगता आले असते. टांगेवाला बहिरा होता. पण मास्तर म्हणाले, “ठीक होता म्हणूनच.”

घरी पोचेपर्यंत मनगटावर चंदन आले होते. कोटाच्या कॉलरला मात्र पाटी अजून येत होती. बनात कातडीपेक्षा वास जास्त धरते, हे मास्तरांच्या वहीत नंबर चारखाली नोंदलेले होते. कोट घडी घालून पेटीत ठेवला, वर कापूर नाही घातला, आणि रविवारी थोडा वेळच उघडला, तर होळीपर्यंत निघेल असा त्यांनी अंदाज बांधला. अर्ध्या दिवसाची रजा संपत आली होती. कोट खुंटीला टांगून ते सदऱ्यावर उपरणे घेऊन शाळेत गेले आणि तिसरीला भूतकाळ शिकवला.

पाचाला परतले तेव्हा खुंटी रिकामी होती. विमलबाई मागच्या अंगणात बादलीपाशी बसल्या होत्या. बादलीत कोट होता, पाणी सोड्याने पांढरे झाले होते.

“बनातीचा कोट भिजवतात का कुणी?” मास्तर म्हणाले.

“त्याला लिलीच्या पाटीचा वास येत होता,” विमलबाई म्हणाल्या.

मास्तर पायरीवर बसले. सहा वर्षांनी नाव घरात आले होते, आणि ते सोड्याच्या पाण्याकडे बघून उच्चारले गेले होते.

“दर रविवारी येतो,” विमलबाई बादलीकडे बघतच बोलत होत्या. “तुम्ही ओट्यावर असलात की मला आत चुलीपाशी येतो. मला वाटायचं, मलाच येतो. डोकं फिरत चाललंय माझं. सुमनमावशीचं झालं होतं तसं. म्हणून बोलले नाही. वर्ष झालं. आज कोट झटकायला हातात घेतला तर त्याच्यातच. तेव्हा कळलं, खरा आहे.”

“मग भिजवलास का?”

“हातात आला तसा घाबरून आधी भिजवला. मग कळलं.”

मास्तरांनी मग अत्तराचे सांगितले. देवरामची चूक, डेग, राजा, सगळे. तिसरीला सांगावे तसे क्रमाने सांगितले. शेवटी विमलबाई म्हणाल्या, “आणखी आहे का ते?”

“नाही.”

“काढता येईल?”

“नाही.”

विमलबाईंनी बादलीत हात घालून कॉलर वर काढली, पाणी निथळू दिले, आणि नाकाशी धरली. बराच वेळ धरली. मग मास्तरांपुढे केली. मास्तरांनीही हुंगली. त्यांचे नाक ह्या कामात वर्षभर तयार झालेले होते. बुऱ्हाणपुरात तेवढे तयार नाक दुसरे नव्हते.

“सोडा,” मास्तर म्हणाले.

“सोडाच,” विमलबाई म्हणाल्या.

भिजलेली बनात जड असते, एकट्या माणसाला पिळवत नाही. दोघांनी दोन टोके धरून कोट पिळला आणि दोरीवर घातला. तो वाळायला तीन दिवस लागले, आणि वाळला तेव्हा बाह्या चार बोटे आखूड झाल्या होत्या. मास्तर पेन्शनीत निघेपर्यंत तोच कोट घालून शाळेत गेले. हेडमास्तरांनी एकदा बाह्यांबद्दल विचारले. वासाबद्दल पुन्हा कधी तक्रार आली नाही.